वय अधिक शंभर

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळेस एक परिचित वृद्ध दांपत्य आले. काकांचे वय ७४. एस.टी.मध्ये तीस वर्षे वाहक म्हणून नोकरी केलेला, अजूनही ताठ चालणारा माणूस. गुडघा दुखतो म्हणून काकूंनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणले होते. गुडघा तपासून झाल्यावर सवयीने रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १७२, खालचा ८०. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, तरी १७०. आठ दिवसांनी परत बोलावले, तेव्हाही फारसा फरक नव्हता.

मी म्हटले, "काका, रक्तदाबाची एक गोळी सुरू करावी लागेल."

काका हसले. "डॉक्टरसाहेब, मला होतंय काय? चक्कर नाही, डोकं दुखत नाही. दोन मैल चालून येतो. या वयात एवढं प्रेशर असायचंच. आमचे वडील नव्वदीपर्यंत जगले, रोज तंबाखू खात होते, आणि त्यांनी जन्मात कधी प्रेशर मोजलं नाही."

वाचकहो, हा संवाद माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी होतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो एका किंवा दुसऱ्या बाजूने केला असेल. काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याला काहीच होत नाही, त्याने रोज गोळी का घ्यावी? त्याला पुढे काही होईल, हे डॉक्टरला कशावरून कळले? या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर देताना मला थोडे स्वतःविषयीही सांगावे लागेल.

माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते. मी व्यवसाय सुरू केला त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. दादांचे वय ६६, आणि त्यांचा रक्तदाब १६४/८० च्या आसपास असे. आमच्या भागातील वयोवृद्ध डॉक्टर एक सोपा हिशेब सांगत असत. वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा आकडा चालतो. ६६ अधिक १०० म्हणजे १६६. दादा त्या हिशेबात बसत होते, म्हणून मी निश्चिंत होतो. खालचा आकडा तर उत्तमच होता, आणि त्या काळी खालच्या आकड्यालाच महत्त्व देण्याची आम्हांला सवय होती. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका पहाटे दादांचा उजवा हात उचलेना, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षे वर्ग शिकवले त्याला स्वतःचे नाव सांगता येईना. पक्षाघातानंतर ते सहा वर्षे जगले. त्या सहा वर्षांत त्यांना उठवणे, भरवणे, स्वच्छ करणे हे सारे आईने केले. घरात असा रुग्ण सांभाळणाऱ्यांना त्या सहा वर्षांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

'वय अधिक शंभर' हा हिशेब आला कोठून? कोणाही प्रामाणिक डॉक्टरच्या डोळ्यांसमोर जे दिसते त्यातूनच तो आला. वय वाढते तसा बहुतेकांचा रक्तदाब वाढतो, हे प्रत्येक डॉक्टर पाहतो. जे बहुतेकांचे होते ते स्वाभाविक, आणि जे स्वाभाविक ते निरुपद्रवी, असा निष्कर्ष सहज निघतो. शिवाय रक्तदाब वाढला त्या दिवशी कोणी आजारी पडत नाही. दहा-पंधरा वर्षे काहीच घडत नाही, आणि मग एके दिवशी घडते. तोपर्यंत कारण आणि परिणाम यांची गाठ घालणारा धागा सर्वांच्याच नजरेआड झालेला असतो.

एका दवाखान्यातून हा धागा का दिसत नाही, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, रक्तदाब वाढलेल्या शंभर वृद्धांपैकी दरवर्षी दोघांना पक्षाघात होतो, आणि रक्तदाब ठीक असलेल्या शंभरांपैकी एकाला. धोका दुप्पट झाला. आता माझ्याकडे दोन्ही प्रकारचे पन्नास-पन्नास वृद्ध नियमित येतात असे धरू. वर्षअखेर एका गटात एक पक्षाघात होईल, दुसऱ्यात एखादा किंवा एकही नाही. यावरून मी काय ओळखणार? मी कितीही हुशार असलो तरी तो फरक मला दिसणार नाही. तो दिसण्यासाठी हजारो माणसे आणि अनेक वर्षे लागतात. दीर्घकालीन अभ्यासांची गरज येथे सुरू होते.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची कथा या संदर्भात आठवते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. तरीही अध्यक्षांची प्रकृती त्यांच्या वयाच्या मानाने ठीक आहे, असेच लोकांना सांगितले जात होते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी डोके भयंकर दुखत असल्याची तक्रार केली आणि ते कोसळले. त्या वेळी मोजलेला वरचा आकडा ३०० च्या पुढे होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा वय होते अवघे ६३. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाजवळ डॉक्टर होते, रक्तदाबाचे यंत्रही होते. मात्र त्या आकड्याचा नेमका अर्थ सांगणारी माहिती कोणाजवळ नव्हती आणि परिणामकारक औषधही नव्हते.

१९४८ मध्ये अमेरिकेत हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा झाला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. या गावाने पूर्वी क्षयरोगाच्या एका प्रकल्पातही भाग घेतला होता, त्यामुळे तपासणीला येणे तेथील लोकांना नवीन नव्हते. तिशी ते साठीच्या वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले गेले. त्यांचे वजन, रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपानाची सवय, हृदयाचा विद्युत आलेख अशा नोंदी झाल्या, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा सर्व तपासण्या होऊ लागल्या. उपचार करणे हा अभ्यासाचा हेतूच नव्हता. पाहायचे, लिहून ठेवायचे आणि वाट पाहायची, एवढेच काम होते.

या पद्धतीचे मर्म असे की, नोंद आजाराच्या आधी होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला "तुम्ही पूर्वी किती मीठ खात होता?" असे विचारले, तर त्याची स्मृती त्याच्या आजाराने रंगलेली असते. जो कारण शोधत असतो त्याला ते सापडतेच. फ्रॅमिंगहॅममध्ये मात्र माणूस निरोगी असतानाच वही भरली जात होती. पुढे कोणाला काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्यालाही. वर्षानुवर्षांनी ज्यांना आजार झाला आणि ज्यांना झाला नाही, अशांच्या जुन्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या.

त्यातून पुढे आले ते आज आपल्याला इतके परिचित आहे की, कोणे एके काळी ते अज्ञात होते यावर विश्वास बसत नाही. वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातून 'जोखीमघटक' ही कल्पना रूढ झाली. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक प्रकार असतो, त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हेही याच अभ्यासाने दाखवले. आणि १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले की, उतारवयात वाढलेला वरचा आकडा, खालचा आकडा ठीक असला तरीही, निरुपद्रवी नाही. 'वय अधिक शंभर' या हिशेबाचा पाया तेव्हाच ढासळला होता. आमच्या तालुक्यापर्यंत ते वृत्त पोहोचायला मात्र फार वर्षे लागली.

येथे एक सावधगिरीचा टप्पा येतो. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते, असे नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. पण कोंबडा झाकून ठेवला म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. वैद्यकातही अशी फसगत झालेली आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अमेरिकेतील परिचारिकांच्या १९७६ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दिसले होते. तेव्हा अनेक डॉक्टरांनी हृदयाच्या रक्षणासाठी त्या गोळ्या लिहून दिल्या. पुढे १६,००० हून अधिक स्त्रियांवर जी चाचणी झाली, तिच्यातील या गोळ्यांचा भाग २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. हृदयाचे रक्षण तर झाले नव्हतेच. उलट पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले. मग आधीच्या अभ्यासात फायदा का दिसला? त्याचे एक मोठे कारण असे मानले जाते की, स्वतःहून त्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच प्रकृतीची अधिक काळजी घेणाऱ्या आणि अधिक सुस्थितीतील होत्या.

म्हणून निरीक्षणानंतर परीक्षा घ्यावी लागते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची. म्हणजे दोन्ही गट बाकी सर्व बाबतींत सारखे राहतात, आणि जो फरक पडेल तो औषधाचा. रक्तदाबाबाबत ही परीक्षा झाली. साठीपुढच्या ४,७३६ अमेरिकन स्त्री-पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांचा वरचा आकडा वाढलेला होता आणि खालचा ठीक होता. म्हणजे अगदी काकांसारखे, अगदी माझ्या दादांसारखे. उपचार मुख्यतः लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या एका साध्या, स्वस्त गोळीने केला होता. पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. पुढे २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या वृद्धांवरील चाचणीतही उपचारांचा लाभ दिसला.

'३६ टक्के' हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ समजून घ्यावा. औषध नसलेल्या शंभर जणांपैकी पाच वर्षांत सुमारे आठ जणांना पक्षाघात झाला, आणि औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पाच जणांना. म्हणजे शंभर जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तेव्हा तिघे वाचले. ब्याण्णव जणांना गोळीशिवायही पक्षाघात होणार नव्हता, आणि पाच जणांना गोळी घेऊनही झाला. वर्तमानपत्रात 'अमुक पदार्थाने कर्करोगाचा धोका ५० टक्क्यांनी वाढतो' अशी बातमी वाचाल तेव्हा हाच प्रश्न विचारा: शंभरात किती होते, ते किती झाले? हजारात दोनाचे तीन झाले तरी वाढ ५० टक्केच होते. बातमी खोटी नसते, पण अपुरी असते.

आता काकांच्या तंबाखू खाणाऱ्या वडिलांकडे वळू. अशी उदाहरणे खरी असतात. परंतु जे लवकर गेले त्यांची उदाहरणे लग्नकार्यात कोणी देत नाही, म्हणून आपल्या कानांवर फक्त नव्वदी गाठलेलेच येतात. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये देशातील सर्व डॉक्टरांना धूम्रपानाविषयी एक छोटी प्रश्नावली पाठवली. फुप्फुसाच्या कर्करोगामागे रस्त्यांचे डांबर असावे, असा डॉल यांचा सुरुवातीचा अंदाज होता. रुग्णालयांतील त्यांच्या आधीच्या पाहणीचे आकडे जमू लागले तेव्हा त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली. उत्तर देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पुढे पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सतत सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. त्यातले काही नव्वदीपर्यंत जगलेही, परंतु एका माणसाच्या आयुष्यावरून बाकीच्यांचा हिशेब करता येत नाही. ज्येष्ठ वाचकांनी या अभ्यासातील एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचे आयुष्य परत मिळाले. 'आता या वयात सोडून काय उपयोग' या म्हणण्याला हे उत्तर आहे.

हे अभ्यास परदेशातले, आपल्याला काय लागू, असेही विचारले जाते. शंका योग्य आहे. फ्रॅमिंगहॅमचे मूळचे सहभागी जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे होते, आणि तेथील गणिते आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. सुदैवाने आपल्याकडेही कामे झाली आहेत. १९९१ ते १९९७ या काळात मुंबईत मतदारयाद्या हाती घेऊन कार्यकर्ते घरोघर गेले आणि पस्तिशीपुढच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांच्या तंबाखूच्या सवयी त्यांनी नोंदवल्या. काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण हयात आहे आणि कोण नाही, याची विचारपूस झाली. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, अशी आपल्याकडे समजूत आहे. आकडे वेगळे बोलले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी, तर बिडी ओढणाऱ्यांत सुमारे ६४ टक्क्यांनी अधिक आढळले. स्त्रिया बहुतांशी धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्यातही मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी गर्भवती माता व त्यांची मुले यांचा पाठपुरावा करत आले आहेत. आपली बाळे जन्मतः वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नसते, हे त्यातून दिसले. मधुमेहाची मुळे किती मागे जातात, हे त्या वह्या सांगत आहेत.

वाचकांनी यातून व्यवहारात काय घ्यावे? घरी रक्तदाब मोजत असाल तर स्वतःचीही एक वही ठेवा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, पावले जमिनीवर असू द्या, दंड उघडा आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहा. एका आकड्याने घाबरू नका आणि एका चांगल्या आकड्याने गोळी बंद करू नका. उठल्यावर अंधारी येत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा आणि उभे राहूनही रक्तदाब मोजायला लावा. वृद्धांमध्ये तो फार खाली जाणे आणि त्यामुळे पडणे हेही वाईट. कोणाचा आकडा कितीवर ठेवायचा, हे वय, अन्य आजार आणि अंगातील ताकद पाहून ठरवावे लागते.

आणखी एक विनंती. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचा कार्यकर्ता अभ्यासासाठी दाराशी आला, तर त्याचे ओळखपत्र पाहा, हवे ते प्रश्न विचारा आणि पटल्यास सहभागी व्हा. फ्रॅमिंगहॅमची माणसे आयुष्यभर दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिली. त्यातली कितीतरी त्याच आजारांनी गेली. त्यांच्या वह्यांचा लाभ आपण घेत आहोत.

मला अनेकदा विचारले जाते, आणि मीही स्वतःला विचारतो: वेळीच गोळी दिली असती तर दादांचा पक्षाघात टळला असता का? मला सांगता येत नाही. वाचलेल्या तिघांत ते असते की न वाचलेल्या पाचांत, हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. ती संधी त्यांना मिळाली नाही, एवढे मात्र मला निश्चित ठाऊक आहे. मी निवांतपणे ६६ मध्ये १०० मिळवत होतो, तेव्हा तो निष्कर्ष छापून येऊन काही वर्षे झाली होती.

हे सर्व मी काकांना इतक्या विस्ताराने सांगितले नाही. दादांविषयी मात्र सांगितले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि काकांनी चिठ्ठी खिशात घातली. परवा ते वही घेऊन आले. एके काळी तिकिटांचा हिशेब लिहीत असतील, तशा सुबक रकान्यांत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. शेवटची नोंद १४६/७६. त्यांचा पक्षाघात टळला का, हे त्यांना किंवा मला कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा वही घेऊन येण्यास मी त्यांना सांगितले आहे.